गिरणी थांबते तेव्हा

पोशीरला आमच्या आळीतला गिरणीवाला गाणी रचतो. हळदीला ढोलकी त्याचीच असते, पण लग्नाचं गाणं त्याला कधी सुचलं नाही. ग्रामसभेत भांडण झालं की दुसऱ्या दिवशी त्याला ओळी सुचतात. पट्ट्याच्या आवाजावर मान डोलवता डोलवता तो मधेच बटण बंद करतो. "थांबा वाईच, ओळ आली." बायका डबे घेऊन ताटकळतात. ओळ तीनदा पुटपुटून पक्की झाली, की गिरणी पुन्हा सुरू.

यंदा रिसॉर्टवाल्याने भिंत घातली आणि नदीवर जायची वाट बंद झाली. गिरणीवाल्याने त्यावर गाणं रचलं, जमीन विकणाऱ्यांची नावं त्यात घातली आणि देवळापुढच्या सभेत ते म्हटलं. पहिलंच नाव त्याच्या सख्ख्या भावाचं होतं. समोर बसलेला भाऊ उठून गेला. ढोलकी थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्याला विचारलं, "भावाचं नाव कशाला घेतलंस रं?"

"घरचं नाव गाळलं, तर दुसऱ्याचं घ्यायला मला तोंड हाय का?" हाताचं पीठ झटकत तो म्हणाला. "आनि गानं पुरं नाय झालं, मास्तर. अजून एक कडवं बाकी हाय."

त्या भिंतीच्या आत मी विकलेला तुकडाही आहे.

आता दळण टाकून मी बाकावर बसतो. गिरणी चालू असते तोवर बरं असतं. मधेच थांबली, की त्याच्या पुटपुटण्यात माझं नाव येतं का, ते कान देऊन ऐकतो.