आमच्या घरात इच्छा बंद होत्या तो आठवडा

माझा धाकटा भाऊ दादरच्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवतो. म्हणजे समोर जे दिसतं ते तसं नाहीच, असं पोरांना सांगतो आणि पोरं बिचारी ते वहीत उतरवून घेतात. घरी मात्र त्याचं कोणी उतरवून घेत नाही, म्हणून तो जेवताना सुरू होतो.

एका रविवारी त्याने जाहीर केलं की माणसाला इच्छा नसते. समजुतीही नसतात. "मला वाटतं, मला पाहिजे, हे सगळं जुनाट बोलणं आहे, ताई. डोक्यात फक्त पेशी असतात आणि त्या एकमेकींना ठिणग्या देतात. बाकी काही नाही."

"मग ही सुकट तिसऱ्यांदा कोण मागतंय? ठिणग्या?"

"हसू नकोस. गावाला कोणी थरथरायला लागलं की म्हणायचे भूत लागलं. डॉक्टर आला, म्हणाला फीट आहे. भूत गेलं की नाही? तशी इच्छापण जाणार." मग घोट घेऊन, वर्गात ठेवणीतलं वाक्य टाकतात तसं म्हणाला, "आजोबांनी धम्म घेतला तेव्हा घरातले देव काढले. मी डोक्यातले काढतोय."

आई लसूण सोलत बसली होती. म्हणाली, "देव काढले त्या फळीवर तुझ्या आजीने डाळ-तांदळाचे डबे लावले. तू इच्छा काढलीस तर तिथं काय लावणार?"

"त्याच्यावर अजून संशोधन चालू आहे."

"मग डबे येईपर्यंत राहू दे की. आणि काय रे, मी चाळीस वर्षं दर पौर्णिमेला विहारात ऐकतेय, तृष्णा सोडा, तृष्णा सोडा. ती नव्हतीच, तर मी एवढी वर्षं सोडत काय होते?"

त्याला ठसका लागला. मी पाणी दिलं नाही. मागितलं नव्हतं ना त्याने.

खरं तर हे सगळं तत्त्वज्ञान आमच्या दारापाशी येऊन थांबणार होतं. परळच्या आमच्या चाळीच्या जागी टॉवर झाला आणि आम्ही अठराव्या मजल्यावर आलो. लिफ्ट आली, मिक्सर आला, बाल्कनीत कबुतरं आली. पण आई सकाळी उठून पुढचं दार सताड उघडते आणि त्याला वरवंटा लावून ठेवते, ते तसंच राहिलं. मिक्सर आल्यापासून वरवंट्याला तेवढंच काम उरलंय. चाळीत दिवसा दार बंद असलं की लोक समजायचे, आत भांडण चाललंय, नाहीतर आजारपण आहे, नाहीतर मयत. इथं उलटं. इथं उघड्या दाराची तक्रार होते.

एकदा पार्सलवाला सरळ आत आला. वरच्या मजल्याची बिर्याणी होती. आईने त्याला बसवलं, पाणी दिलं, पार्सल ठेवून घेतलं. वरच्या बाई शोधत खाली आल्या तोवर अर्धी बिर्याणी संपलेली. "मला वाटलं पोरीने पाठवली," आई म्हणाली, आणि उरलेली अर्धी डब्यात भरून त्यांच्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी सोसायटीची नोटीस. मग भावाने ठरवलं की दाराला आपोआप बंद होणारं लॉक बसवायचं. लॉकवाला शनिवारी येणार होता.

"आईला आवडणार नाही," मी म्हटलं.

"आवडणं-बिवडणं काही नसतं. सवय आहे ती. मेंदूत एक वाट पडलीय. दार आपोआप बंद व्हायला लागलं की तीन आठवड्यांत बुजेल." आणि हे सिद्ध करायला त्याने प्रयोगच काढला. शनिवारपर्यंत घरात कोणी 'पाहिजे', 'नको', 'वाटतं' म्हणायचं नाही. काही बिघडत नाही ते बघायचं.

आई लगेच हो म्हणाली. तिथेच मला संशय यायला हवा होता.

सोमवारी दुधी. दुधी माझ्या भावाला लहानपणापासून डोळ्यांसमोर चालत नाही.

"आई, दुधी?"

"तुला काय पाहिजे विचारणार होते रे. पण ते नसतं ना."

मंगळवारी दुधी-चणाडाळ. त्याने "न" एवढंच काढलं, आईने डाव वर केला, त्याने तोंड मिटलं. बुधवारी शेजारच्या घरात बोंबील तळत होते आणि आमच्याकडे दुधीचं भरीत. उघड्या दारातून वास थेट ताटापर्यंत. आई शांतपणे म्हणाली, "नाक हलतंय तुझं. कुठल्या पेशी ठिणग्या देतायत काय?"

गुरुवारी तो फार गंभीर होऊन म्हणाला, "माझ्या शरीराचा कल सध्या बोंबलाकडे आहे."

"असू दे. वाऱ्याचा कलपण कधी कधी वरळीकडे असतो. म्हणून त्याला कोणी ताट वाढत नाय."

मी हसून हसून मेले. त्या आठवड्यात मी बँकेतून वेळेवर घरी यायचे, निव्वळ त्याचं ताट बघायला.

शनिवारी सकाळी लॉकवाला आला. दारापाशी पिशवी सोडली, ड्रिल काढलं आणि म्हणाला, "वो पत्थर हटाओ."

आई उठली. वाटलं, वरवंटा उचलून आत नेईल. ती तिथेच खाली बसली आणि वरवंट्यावर हात ठेवला. 

"आई, ऊठ ना. काय झालं?" भाऊ म्हणाला.

"मी काय बोलू? बोलायचं नाय असं ठरलंय."

माझं हसणं तिथेच संपलं. सहा दिवस आम्ही गंमत करत होतो, आणि ज्या बाईच्या दाराचा प्रश्न होता तिलाच 'नको' म्हणायला बंदी होती. मी भडकले. "अरे, विचार की तिला! पेशी मोजत बसलायस!"

भाऊ तिच्यासमोर उकिडवा बसला. "का गं आई? सवयच ना ही?"

"तुझे बाबा खाटेवरून पडले तेव्हा मी हॉस्पिटलात ड्युटीवर होते," आई म्हणाली. "तुम्ही दोघं शाळेत. दार उघडं होतं म्हणून समोरच्या बाईला त्यांचे पाय दिसले. चौघांनी उचलून खाली नेलं. नऊ वर्षं जगले त्यानंतर. इथं तुम्ही सकाळी जाता ते संध्याकाळी येता. मी पडले तर माझे पाय कोणाला दिसणार? मला बंद दाराआड मरायचं नाय रे."

ही गोष्ट आम्हाला माहीत होती. बाबा पडले, वाचले, सगळं माहीत होतं. दाराशी ती कधी जोडली नाही. भाऊ सवय म्हणाला, मी मनात म्हणत होते की म्हातारीला चाळीची आठवण येते. दोघांनी आपापल्या परीने तिचं मन उरकून टाकलं होतं. विचारलं कोणीच नव्हतं. मला लाज वाटली, आणि ती अजून वाटते.

लॉकवाला ड्रिल धरून ताटकळला होता. "साब, लगाऊँ क्या?"

भाऊ उठला. दोनदा घसा साफ केला.

"नको," तो म्हणाला. "आमच्या आईची इच्छा नाही."

लॉकवाल्याने आमच्याकडे आळीपाळीने बघितलं आणि पिशवी भरली. आईने पदराने डोळे पुसले, वरवंटा पायाने सरकवून दाराला नीट लावला आणि स्वयंपाकघराकडे निघाली. जाता जाता म्हणाली, "'नको' म्हणालास. वर 'इच्छा'पण म्हणालास. आज पण दुधी."

भावाने तो दोनदा मागून घेतला.