संजू स्पेशल

हसा, हसायला माझी ना नाही. फक्त जरा थांबून हसा, कारण या गोष्टीत एक माणूस गेलेला आहे आणि तो माझा जिवाचा दोस्त होता. गाढवपणा मात्र सगळा माझा. त्यात वाटेकरी कोणी नाही.

किशोर आणि मी इथे गुजरातेत, लिंबायतच्या एकाच मराठी शाळेत, एकाच बाकावर. पुढे मी गोडादऱ्यात मोबाईल रिपेअरिंगचं दुकान टाकलं. तो सचिन नावाच्या गावी कापडाच्या मिलमध्ये लागला. दिवसभर मिल, आणि सुट्टीच्या दिवशी रॅप. रॅप म्हणजे गाडी, गॉगल, पोरगी असलं नव्हे. हॉररकोर! त्यात फक्त मुडदे, भुतं, रक्त, किंकाळ्या, आणि हे सगळं तालात. स्टेजवरचं नाव काय घेतलं होतं माहितीय? मसण्या! आईसमोर ते नाव उच्चारायची सोय नव्हती.

पण लिहायचा भारी. ‘बॉयलरच्या पोटात कोण रडतंय रे, माझंच हाड माझ्यावर चढतंय रे.’ बॉयलरशेजारी आठ तास उभं राहिलेला माणूसच असं लिहू शकतो, नाही का?

गेल्या वर्षी त्याला कावीळ झाली. आठ दिवस दवाखान्यात होता, नवव्या दिवशी पहाटे गेला. झोपेतच गेला. त्याची आई, शोभामावशी, येणाऱ्या-जाणाऱ्याला एवढंच सांगायची, “त्रास नही झाया मना पोर्‍याले. झोपेत गया.” त्या एका वाक्यावर ती माउली उभी होती. हे लक्षात ठेवा, कारण माझ्या लक्षात राहिलं नाही.

वर्षश्राद्ध जवळ आलं तसा त्याच्या बहिणीचा, मनीषाचा फोन आला.

“संजूदादा, भाऊची बाहेर न आलेली गाणी खूप पडलीयेत. अर्धी, कच्ची. सगळी गोळा करून एक संग्रह टाकूया का नेटवर?”

“टाकूया म्हणजे? टाकायलाच पाहिजे!”

तिने किशोरचा फोन आणून दिला. स्क्रीन फुटलेली, चार्जिंग होत नव्हतं. असले फोन उघडणं हा तर माझा धंदाच. दोन दिवसांत मी आतलं सगळं बाहेर काढलं. एकोणीस गाणी निघाली! कुठे फक्त ताल, कुठे दोन ओळी आणि मग नुसतं खोकणं. मी हेडफोन लावून ऐकत बसायचो. गिऱ्हाईक समोर उभं राहून शेवटी निघून जायचं.

आणि मग सापडली विसावी फाइल. नाव होतं, ‘संजू स्पेशल’.

समोरच्या गिऱ्हाईकाला मी हातानेच हाकललं. खोटं नाही सांगत. तारीख पाहिली, तर तो दवाखान्यात होता त्यातला सातवा दिवस! म्हणजे जाण्याच्या दोन दिवस आधी त्याने माझ्यासाठी काहीतरी ठेवलं होतं. आईसाठी नाही, बहिणीसाठी नाही. माझ्यासाठी!

प्ले केलं.

आधी लांबून येणारा भोंगा, अॅम्ब्युलन्ससारखा, पण बुडत चाललेला. मग एका पुरुषाचं कण्हणं. जड, खोल, विहिरीतून आल्यासारखं. “सोडा... मला जाऊ द्या... जळतंय... जळतंय...” त्यावर दुसरा एक घोगरा, राक्षसी आवाज. शब्द नीट कळत नव्हते, फक्त “धर... धर...” आणि मग “तोंड... तोंड...” शेवटी अशी किंकाळी, की माझ्या काउंटरवरचा चहा सांडला. मग शांतता. आणि त्या शांततेत कोणीतरी अगदी हळू हसल्यासारखं.

मी शटर अर्धं ओढून घेतलं आणि ढसाढसा रडलो. भर दुपारी.

मला सगळं उलगडलं होतं ना! (आता तुम्हाला कळलंच असेल, की मला काहीच उलगडलं नव्हतं.) किशोरला मरण दिसलं होतं. त्याने ते दवाखान्याच्या खाटेवरून रेकॉर्ड केलं होतं आणि माझ्या नावावर ठेवून गेला होता. मग मी वही घेतली आणि प्रत्येक गाण्यावर टिपण लिहायला बसलो. एकोणीस गाण्यांना मिळून दीड पान झालं. विसाव्याला एकट्याला तीन पानं!

काय काय लिहिलं होतं, सांगू? ‘हा कलावंत वेदनेच्या शेवटच्या क्षणीही कलावंतच राहिला. भोंगा हा त्याच्या आयुष्याचा. घोगरा आवाज यमदूताचा. जळतंय, हा शब्द त्याने चितेवर जाण्याआधीच उच्चारला. आणि हे सारं त्याने आपल्या परममित्राच्या स्वाधीन केलं.’ परममित्र या शब्दाखाली मी रेघसुद्धा मारली होती.

टिपण आणि गाणं मनीषाला पाठवलं. किशोरबरोबर गाणाऱ्या पोरांनाही पाठवलं. एकाने तासाभरात काळं पोस्टर बनवलं, ‘मसण्याचा शेवटचा श्वास’. दुसऱ्याने हिंदीत लिहिलं, “रोंगटे खड़े हो गए भाई.” दोन दिवस मला फोनवर फोन. “संजूभाई, तमे तो एना खास हता!” मी त्याचा खास होतो, अशी गुजराती मित्रांची शाबासकीही मिळाली. मी गंभीर चेहऱ्याने “हं” म्हणायचो. आतून मात्र, आता लपवून काय करू, छाती थोडी फुगली होती.

तिसऱ्या दिवशी मनीषाचा फोन आला. आवाज बसलेला.

“दादा, आईने जेवण सोडलंय.”

“का? काय झालं?”

“तुमचं टिपण मी मोठ्याने वाचत होते, तिने मागून ऐकलं. तेव्हापासून एकच विचारतेय. म्हणते, सातव्या दिवशी मी औषध आणायला खाली गेले होते, अर्धा तास. त्या अर्ध्या तासात तो ओरडला का? माझ्या नावाने ओरडला का? दवाखान्याचे कागद काढून बसलीये. वाचता येत नाही तिला, तरी बसलीये.”

मी स्टुलावर बसलो. छातीतली सगळी हवा गेली. माणसाने किती मूर्ख असावं? मी तीन पानं लिहिली, रेघा मारल्या, आणि ज्या एका वाक्यावर ती बाई वर्षभर उभी होती, तेच काढून घेतलं.

“मी येतो,” म्हणालो.

गेलो तेव्हा मावशी भिंतीला टेकून बसली होती. ती घरी साड्यांना खडे चिकटवायचं काम करते. अर्धी साडी पुढ्यात तशीच पडली होती. गोंद वाळून गेला होता. तिने माझ्याकडे पाहिलं, पण रागावून नाही. त्याचंच जास्त लागलं.

“मना पोर्‍या इतला तडफडना, आनि माले समजनं नही का रे संजू?”

“मावशी, तसं नाही... म्हणजे गाण्यात असतं तसं...”

“लाव ते.”

“नको मावशी.”

“लाव म्हणस ना.”

मनीषाने ‘लावा’ अशी मान हलवली. मी फोन जमिनीवर ठेवला आणि लावलं. आधी भोंगा. मग कण्हणं. मावशीने डोळे मिटले, पदर तोंडावर धरला. मला तिच्याकडे बघवेना. मी साडीवरचे खडे मोजत बसलो. “जळतंय... जळतंय...” “धर... तोंड... तोंड...” किंकाळी. शांतता.

मावशीने पदर खाली केला.

“पह्यलेपाईन लाव.”

पहिल्यापासून लावलं. या वेळी ती पुढे झुकून ऐकत होती. कपाळावर आठी. मध्येच बोट वर केलं. “थांब. हाऊ भोंगा नही शे. हाई खिचडीना कुकरनी शिट्टी शे.”

“मावशी, दवाखान्यात कुकर...”

“दवाखाना नही. मना घरना कुकर.” मग ती माझ्याकडे वळली. “आनि हाऊ मना किशोर नही शे.”

“मग?”

“हाऊ तू शे.”

मनीषाने फोन उचलला, एक बटण दाबून आवाजाचा वेग वाढवला आणि पुन्हा लावलं. आणि त्या खोलीत, त्या दुपारी, माझा, खास माझा, बारीक चिरका आवाज घुमला. “सोडा हो मावशी! मला जाऊ द्या! जळतंय, जळतंय!” त्यावर मावशीचा खणखणीत आवाज, “किशोर, पाय धर रे त्याना! हालू देऊ नको! तोंड उनं, आते फुटी!”

आठवलं! सात-आठ वर्षं झाली असतील. मला केस्तूड झालं होतं. कुठे, ते विचारू नका. बसायची पंचाईत होती, एवढं पुरे. माझी आई गावी गेलेली आणि डॉक्टरला दाखवायची लाज. म्हणून मावशीने तीन दिवस गरम पोटीस बांधून शेवटी ते दाबून फोडलं होतं. पडद्याआड पालथा मी, पाय धरलेला किशोर. आणि त्या हलकटाने खिशात रेकॉर्डिंग चालू ठेवलं होतं! मग आवाज संथ केला, जड केला, खाली ताल भरला.

“पण तारीख?” मी कसाबसा म्हणालो. “दवाखान्यातली तारीख आहे!”

मनीषा कपाळावर हात मारून म्हणाली, “दादा, त्याने जुन्या मेमरी कार्डावरून फोनमध्ये घेतलं ते, दवाखान्यात पडल्या पडल्या! हसत हसत मला म्हणाला होता, संजूच्या वाढदिवसाला सगळ्यांसमोर वाजवायचंय काहीतरी. ती कॉपी केल्याची तारीख आहे. तुमचा तर धंदाच आहे ना हा?”



मावशीच्या खांद्यांना हिसके बसू लागले. मी घाबरलो, म्हटलं रडतेय. ती हसत होती. पोट धरून, डोळ्यांतून पाणी काढत हसत होती. “यमदूत!” ती मनीषाला म्हणाली. “माले यमदूत लिखं वं याने!” मग हसता हसता ती खरंच रडली, आणि मनीषाही, आणि मीही. शेवटी जे हळू हसणं होतं ना फाइलमध्ये, ते किशोरचं होतं. ते तेवढं मावशीने पाच-सहा वेळा लावून घेतलं.

“सातवा दिन मना पोर्‍या हासत व्हता,” ती म्हणाली. मग उठली आणि स्वतःला भाकरी वाढून घेतली.

मी म्हणालो, ते विसावं काढून टाकू. दोघींनी माझं मुळीच ऐकलं नाही. संग्रह नेटवर गेला, विसाव्यासकट. माझी तीन पानं काढून मनीषाने एकच ओळ टाकली, ‘किंकाळ्या: संजू. यमदूत: आई.’ आणि एकोणीस उत्तम गाणी बाजूला ठेवून लोक ऐकतात काय? तेच!

गेल्या आठवड्यात सचिनहून एक तरुण रॅपर दुकानात आला. लांब केस, काळा टीशर्ट. माझ्या पाया पडला.

“दादा, ऐसा दर्द आवाज में लाने को कितना रियाज करना पड़ा?”

“तीन दिवस,” मी म्हणालो.

“बस? तीन दिन?”

“हो. चौथ्या दिवशी फुटलं.”