नाव कापलेल्या नटीचा अर्ज

माणसाचे नाव कात्रीने कापता येते, हे मला वयाच्या पन्नाशीनंतर, जपानात, एका चेक बाईकडून कळले आणि मी हादरलो. नाव खोडता येते, हे मी जाणत होतो. तालुक्याच्या कचेरीसमोर टेबल मांडून मी ऐन उमेदीची सगळी वर्षे अर्ज लिहिण्यात घालवली. सात-बारावरून नाव कमी होणे, शिधापत्रिकेतून नाव गळणे, मतदार यादीत जिवंत माणूस मयत होणे, या सर्व आपत्तींवर माझ्या लेखणीने उपाय केलेला आहे. परंतु तेथे निदान खोडल्याची रेघ तरी राहते. या बाईंच्या बाबतीत रेघही उरली नव्हती. चित्रपटाच्या आरंभीची जी फीत, तिच्यातून त्यांचे नाव असलेला तुकडा कापून काढला आणि पुढचे-मागचे जोडून टाकले होते.

माझे शालेय शिक्षण नववीपर्यंत झाले. पुढील शिक्षण मी स्वतः घेतले, आणि भाषेपुरते बोलायचे तर ते पदवीधरांपेक्षा कमी नाही, असे अनेक वकिलांनी मला सांगितले आहे. माझी पत्नी मात्र रीतसर शिकलेली. टोकियोच्या एदोगावा भागातील एका भारतीय शाळेत तिला गणिताच्या शिक्षिकेची नोकरी लागली, तेव्हा मी टेबल आवरून तिच्यासोबत आलो. व्हिसावर मी तिचा आश्रित आहे. हा शब्द प्रथम वाचला तेव्हा त्याविरुद्ध अर्ज करण्याचा माझा विचार होता. तो पत्नीने हाणून पाडला.

बाईंची आणि माझी गाठ कचऱ्यामुळे पडली. येथे कचऱ्याच्या प्रत्येक प्रकाराला वार ठरलेला असतो. प्लास्टिकचा वार नसताना मी प्लास्टिकची पिशवी खाली नेऊन ठेवली आणि मागून असा आवाज आला की माझ्या हातातली दुसरी पिशवी गळून पडली. तो आवाज मोठा नव्हता, पण थेट पाठीत येऊन थांबला. वळून पाहिले तो तळमजल्यावरच्या गोऱ्या आजी. नव्वदीला टेकलेल्या, उंच, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. त्या जपानीत काय बोलल्या ते मला कळले नाही, पण मी गुन्हेगार आहे एवढे निश्चित कळले.

संध्याकाळी पत्नीला घेऊन मी क्षमा मागायला गेलो. तिला जपानी उत्तम येते. बाई प्रागच्या, एका जपानी अभियंत्याशी लग्न करून इकडे आलेल्या, आता एकट्या. त्यांनी काचेच्या पेल्यात चहा दिला आणि आंबवलेला कोबी पुढे केला. तो मी शिष्टाचार म्हणून खाल्ला.

"आणि हे काय करतात?" त्यांनी पत्नीला विचारले.

"हे लोकांना अर्ज लिहून देतात. सरकारला."

"कोणत्या सरकारला?"

"सांग त्यांना," मी म्हणालो, "कोणत्याही."

बाई मोठ्याने हसल्या. त्या दिवसापासून मी त्यांचा 'सेन्सेई', म्हणजे गुरुजी, झालो. घरी पत्नी म्हणाली, "चेष्टा करतायत त्या, कळतंय ना?" मला तसे वाटले नाही, आजही वाटत नाही.

पुढे आम्ही रविवारी दुपारी त्यांच्याकडे जाऊ लागलो. त्या एकेकाळी प्रागच्या रंगभूमीवरील आणि चित्रपटांतील नटी होत्या. त्यांच्या काळी तिकडचा नट सकाळी नाटकाच्या तालमीला, दुपारी ट्रामने शहराबाहेर टेकडीवरच्या स्टुडिओत आणि संध्याकाळी पुन्हा रंगमंचावर, असा दिवस काढीत असे. एका थोर नटाला प्रेमप्रवेशाआधी कच्चा कांदा खायची खोड होती. दुसऱ्या एकाला सरकारविरुद्ध बोलल्याबद्दल रंगमंचावरून काढून त्याच नाट्यगृहात प्रेक्षकांचे कोट सांभाळायला बसवले होते. ज्या प्रेक्षकांनी काल टाळ्या दिल्या, त्यांचे कोट आज त्याच्या हातात! बाई शांतपणे म्हणाल्या, "तो कोटसुद्धा राजासारखा द्यायचा."

मग त्यांनी आपले सांगितले. ज्या वर्षी परदेशी रणगाडे प्रागमध्ये शिरले, त्या उन्हाळ्यात त्यांनी एका चित्रपटात नायिकेचे काम पूर्ण केले होते. शरद ऋतूत त्या देश सोडून निघाल्या. देश सोडणाऱ्याचे नाव पडद्यावर दिसू नये असा हुकूम होता, म्हणून कात्री चालली. आता तिकडचे एक चित्रपट-संग्रहालय तो चित्रपट साफसूफ करून पुन्हा दाखवणार होते, असे त्यांना भाचीने फोनवर कळवले होते. त्यात आपले नाव परत यावे, आपण डोळे मिटण्याआधी यावे, एवढीच त्यांची इच्छा.

"तुम्ही स्वतः का लिहीत नाही?" मी पत्नीला विचारायला लावले.

"मी लिहायला बसले की शिव्याच येतात. दोनदा फाडलं. मला सभ्य माणूस पाहिजे."

अशा शब्दांत काम आल्यावर मी मागे हटणे शक्यच नव्हते. मी अर्ज मराठीत लिहिला. पत्नीने त्याचे इंग्रजी करायचे असे ठरले. आमच्या व्यवसायात एक रीत आहे. मागणी नेहमी थोडी वाढवून लिहावी, कारण साहेबाला काहीतरी कापायचेच असते आणि ते त्याने वाढवलेल्यातून कापावे. त्यानुसार मी लिहिले की, सदरहू चित्रपटातील वदन, वाणी, अश्रू व पदन्यास ही सर्व अर्जदार बाईंचीच असून त्यांवर अन्य कोणाचाही हक्क नाही. बाई माझ्याशी केवळ चेहऱ्याविषयी बोलल्या होत्या. वाणी माझ्या पदरची.

दुसरी रीत अशी की, अंगठा घेण्यापूर्वी अर्ज अर्जदाराला वाचून दाखवायचा. ती मी सातासमुद्रापारही सोडली नाही. त्यांच्या खोलीत उभा राहून मी संपूर्ण अर्ज खणखणीत मराठीत वाचला. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. त्यांना एक अक्षर कळत नव्हते, पण 'अश्रू' या शब्दावर त्यांची मान हलली. संपल्यावर त्या म्हणाल्या, "छान. पण तुम्ही श्वास चुकीच्या जागी घेता."

"काय लिहिलंय ते सांग ना त्यांना," मी पत्नीला म्हणालो.

पत्नीला शाळेच्या पेपरांचे गठ्ठे तपासायचे होते. तिने जपानीत एका वाक्यात सांगितले, "आजी, चित्रपटात तुम्हीच आहात असं लिहिलंय." बाईंनी आपला हांको, म्हणजे नावाचा लहान शिक्का, उमटवला. माझ्या आग्रहाखातर डाव्या हाताचा अंगठाही दिला. अर्ज गेला.

संग्रहालयाचे उत्तर अपेक्षेपेक्षा लवकर आले. चित्रपट संगणकावर पाहता यावा अशी त्यांनी सोय करून दिली होती. पत्र सौजन्यपूर्ण होते: अर्जात म्हटल्याप्रमाणे चेहरा आणि आवाज आपलाच आहे, हे चित्रपट पाहून लेखी कळवावे, म्हणजे नाव घालता येईल, वाद असल्यास चौकशी करावी लागेल, आणि तोपर्यंत नामावली आहे तशीच दाखवली जाईल.

त्या रविवारी आम्ही तिघे पत्नीच्या संगणकासमोर बसलो. धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या एका गावातील शिक्षिकेची ती कथा होती. नावे आली. मधेच चित्र किंचित उडाले, आणि बाई बोट दाखवून म्हणाल्या, "इथे." बस, एवढेच. त्या उडीत एक माणूस गेलेला होता.

मग सायकलवरून एक तरुणी आली. तीच उंची, तीच मान. तिने सायकल भिंतीला टेकवली, बारीक आवाज करीत श्वास आत घेतला आणि बोलू लागली. तो श्वास आमच्या चांगलाच ओळखीचा. बाई आजही लांब वाक्याआधी तसाच घेतात. मी आनंदाने ओरडलो, "अगं, आवाज अगदी तोच!"

बाईंनी हात वर केला. पत्नीने चित्र थांबवले. बाईंचा चेहरा असा झाला होता की मला वाटले, आता रुग्णवाहिका बोलवावी लागते.

"ही मी नाही," त्या म्हणाल्या.

मी पत्नीकडे पाहिले. तिला वाटले, आपले भाषांतर चुकले. तिने पुन्हा विचारले. बाईंनी सावकाश सांगितले. त्या काळी तिकडे चित्रीकरण आधी होई आणि आवाज मागाहून, अंधाऱ्या खोलीत, पडद्यावरचे आपले ओठ पाहत भरीत. त्यांचे ते काम शरद ऋतूत होणार होते. त्या तर निघून गेल्या होत्या. म्हणजे कोणीतरी दुसरीने आवाज दिला असणार, हे त्या एवढी वर्षे धरून चालल्या होत्या. कोणी तरी गुळगुळीत आवाजाची, परकी. परंतु पडद्यावर बोलत होती ती परकी नव्हती.

"आम्ही दोघी एकाच आरशासमोर चेहरा रंगवायचो," बाई म्हणाल्या. "माझ्याहून चांगली नटी. लहानपणी आलेल्या देवीचे व्रण होते चेहऱ्यावर, म्हणून सिनेमावाले तिला कधी घेत नसत. ती माझी नक्कल करायची. हा श्वास! सगळ्यांसमोर करायची, सगळे हसायचे. मला इतका राग यायचा! मी देश सोडला तेव्हा तिला सांगितलंसुद्धा नाही."

त्यांनी पुन्हा चित्र सुरू करायला लावले. आम्ही शेवटपर्यंत पाहिले. तीच नक्कल, पण त्यात चेष्टेचा अंशही नव्हता. गाव बुडते तेथे नायिका एकही अश्रू न ढाळता बोलत होती, आणि प्रत्येक वाक्याआधी तो श्वास. स्वतःचा उत्तम आवाज बाजूला ठेवून त्या बाईने पळून गेलेल्या मैत्रिणीचा आवाज, दोषासकट, जसाच्या तसा ठेवला होता. तिचे नावही नामावलीत नव्हते. ती वारून बरीच वर्षे झाली होती.

मग पत्नीने संग्रहालयाचे पत्र पुन्हा वाचले आणि सावकाश माझ्याकडे वळली.

"अहो, अर्जात आवाजाचं कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"तशी पद्धत आहे."

"पद्धत! मेलेल्या बाईचा आवाज ढापलात!"

"भाषांतर तू केलंस. तेव्हा नाही दिसलं?"

"दिसलं. मला वाटलं, खरंच असेल."

हे मराठीत चालले होते, तरी बाईंना सर्व समजले असावे. त्या एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत होत्या. मी व्यावसायिक सल्ला दिला. तो मी आजही चुकीचा मानीत नाही. "आजींना सांग, होकार कळवून टाका. आवाज इतका जुळतो की कोणालाही शंका येणार नाही. वाद काढला तर चौकशी, चौकशीत वर्षे जातात. त्यांच्या वयाला ते परवडणारं नाही. नाव हवंय ना?"

पत्नीने सांगितले. बाईंनी ऐकून घेतले.

"सेन्सेई, तिने पडद्यावर केलेलं हे एकच काम आहे. ते मी घेऊ?"

"पण तुमचं नाव राहील हो!" हे मी पत्नीची वाट न पाहता मराठीतच म्हणालो.

"कागद घ्या," बाई म्हणाल्या.

मी घेतला. त्यांनी सांगितले ते असे: चेहरा माझा आहे. आवाज तिचा आहे. तिचे नाव हे. आधी लिहिले होते ते चूक होते. दोघींची नावे घाला, नाहीतर माझेही घालू नका.

मी लेखणी धरून पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिलो. पुढे काही नव्हते. मेहेरबानांस विनंती नाही, अर्जदार वृद्ध व निराधार असल्याचा उल्लेख नाही, उपकारांची जाणीव नाही. माझ्या टेबलासमोर भाऊ भावाविरुद्ध आणि मुलगा बापाविरुद्ध अर्ज घेऊन उभा राहिलेला मी पाहिला आहे. हातात येत असलेले परत करायला सांगणारा अर्जदार कधी पाहिला नव्हता. मी 'सविनय' एवढा एक शब्द घालू का, असे विचारले. बाईंनी मान हलवली. नाही.

रीतीप्रमाणे मी वाचून दाखवले. या वेळी पत्नीने शब्दन् शब्द जपानीत सांगितला. बाईंनी शिक्का उमटवला आणि न मागता अंगठा पुढे केला.

त्यानंतर खूप दिवस काही आले नाही. बाई कचऱ्याच्या ठिकाणी भेटत, माझी पिशवी तपासत, पण अर्जाविषयी विचारीत नसत. मीच मनातल्या मनात दोष देत असे: कधी संग्रहालयाला, कधी बाईंच्या हट्टाला, आणि क्वचित त्या 'वाणी' शब्दाला. चित्रपट दाखवायचा दिवस जवळ आला, तेव्हा मी आशा सोडली होती.

उत्तर आले ते पत्नीच्या फोनवर, शाळेत. ती सायकलवरून थेट तळमजल्यावर आली आणि तिने हाक मारून मला वरून खाली बोलावले. पत्रासोबत एक चित्र होते: काळ्या पाटीवर दोन पांढऱ्या ओळी. चेहरा, आणि त्याखाली आवाज. संग्रहालयाने स्टुडिओतील त्या वेळच्या एका वृद्ध ध्वनिमुद्रकाला शोधून विचारले होते. त्याला ती नटी आठवत होती.

बाईंनी फोन नाकाशी धरून पाहिला. स्वतःच्या नावावर त्यांची नजर फारशी थांबली नाही. त्यांनी खालच्या ओळीवर बोट ठेवले आणि फोन माझ्याकडे दिला.

"वाचा, सेन्सेई. मोठ्याने."

मला त्या लिपीतील टिंबे आणि चिन्हे कळत नाहीत. मी जमेल तसे वाचले. बाईंनी मान हलवली, उच्चार दुरुस्त केला. मी पुन्हा वाचले. त्यांनी पुन्हा दुरुस्त केला. तिसऱ्या खेपेस बरोबर आले असावे, कारण त्यांनी दुरुस्ती केली नाही. त्यांनी डोळे मिटले, बारीक आवाज करीत श्वास आत घेतला आणि म्हणाल्या, "आणखी एकदा."