खुर्शीदबीची दुसरी साक्ष

अमरावतीत राजापेठच्या त्या गल्लीत शिरायचं तर खुर्शीदबीच्या शिलाई मशीनसमोरूनच जावं लागतं. घर कोपऱ्यावर, दार रस्त्याकडे, आणि दारातच मशीन. मागच्या खोलीत तिचा नवरा कुर्बान गाद्या भरतो. वर्षानुवर्षं तो मागे कापूस पिंजतो आहे आणि ती पुढे ब्लाउज बेतते आहे.

पण गल्लीत खुर्शीदबीचा खरा मान वेगळ्याच कामासाठी. आपल्याकडे मुलीला स्थळ सांगून आलं की मुलाकडची माणसं आधी गुपचूप चौकशीला येतात. आपण कोण ते सांगत नाहीत. पाणी मागतात, गल्लीचा पत्ता विचारतात, आणि मग हळूच विषय काढतात. ही सगळी माणसं पहिल्यांदा कोपऱ्यावरच थांबायची. खुर्शीदबी मशीन थांबवायची, पदर सावरायची, आणि असं काही बोलायची की ऐकणाऱ्याला ती मुलगी डोळ्यांपुढे उभी राहावी. काय बोलायचं, कुठे थांबायचं, कुठे नुसता उसासा टाकायचा, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. आज अकोला-यवतमाळला नांदणाऱ्या या गल्लीतल्या कितीतरी मुली माहेरी आल्या की आधी तिला भेटतात. "खोटं नाई बोलत मी," ती म्हणायची. "कपड्याले इस्त्री करते तशी जराशी फिरवते."

गेल्या वर्षी असाच एक माणूस आला. चाळिशीचा, कडक इस्त्रीचा शर्ट, हातात हेल्मेट.

"काकू, पाणी मिळेल का?"

"बसा न जी. कोठून आले?"

"अकोल्याहून." पाणी पिऊन त्याने ग्लास खाली ठेवला. "ते निळ्या फाटकाचं घर वामनरावांचं ना? त्यांची मुलगी आहे म्हणतात."

खुर्शीदबीने मशीन थांबवलं. वामनराव म्हणजे वलगावचे शेतकरी. पोरीच्या शिक्षणासाठी त्यांनी बायकोला, कौशल्याला, इथे घर करून दिलं होतं आणि स्वतः वावर सांभाळून होते. त्यांची आचल भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करत होती. खुर्शीदबीच्या डोळ्यांपुढेच वाढलेली पोर.

"आहे न. आचल. सोन्यासारखी पोट्टी."

"एकटी कुठं जाते-येते का?"

"कोन, आचल? मायले सोडून चौकापर्यंत जात नाई."

"कोणाशी वादबिद?"

"तिचा आवाज आमी ऐकलाच नाई म्हना न."

"पुढं बाहेरगावी जायचा विचार?"

"छे जी. तिचं समदं मन घरात. सैपाकपानी, भरतकाम. दिवाळी झाली का उजवून टाकू म्हन्ते मायबाप."

माणसाने मान हलवली. "आणखी काही आठवलं तर फोन करा," म्हणून एक कार्ड ठेवलं आणि तो गल्लीत पुढे गेला. आपलं काम झकास झालं या आनंदात खुर्शीदबीने त्या दिवशी दोन ब्लाउज जास्तीचे शिवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आचल कुर्त्याची उंची कमी करायला आली. चेहरा उजळलेला.

"मावशी, आता सांगाले हरकत नाई. काल अकोल्याहून एक मानूस येऊन गेला म्हने. कोनाले आधी सांगू नका, अशी अट होती."

"स्थळाचा न? मी बोलली त्याच्यासंगं."

"स्थळ कायचं, मावशी? थो तर बंगलोरच्या त्या संस्थेसाठी चौकशी करून राहिला होता."

संस्थेचं नाव खुर्शीदबीने ऐकलं होतं. विज्ञानातून देशाला आणि माणसांना कोणते धोके होऊ शकतात, त्यांना आवर घालायला सरकारने काय नियम करावेत, याचा तिथे अभ्यास चाले. तिथल्या सहा महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी देशभरातून मोजकीच मुलं घेणार होते. आचलची ऑनलाइन मुलाखत तर कुर्बानच्या गादीच्या खोलीतच झाली होती. गल्लीत ट्यूशनच्या पोरांच्या गाड्यांचा गोंगाट, आणि कापसाच्या गठ्ठ्यांमध्ये बाहेरचा आवाज पोचत नाही, म्हणून. पण निवड झाली, फक्त चौकशी तेवढी बाकी आहे, हे खुर्शीदबीला ठाऊक नव्हतं.

"त्याईले काय पायजे असते?" तिने सुई हातात धरूनच विचारलं.

"हेच, का पोरगी एकटी हिंडू शकते का, प्रश्न इचारते का. पहिला महिना मले इकडंच दर्यापूर, अकोट, अकोल्याच्या वावरात हिंडाचं हाय, फवारणीच्या ड्रोनचा अभ्यास कराले. मंग बंगलोर." आचल थांबली. "काहून, मावशी? तुमी काय सांगतलं?"

खुर्शीदबीने सांगितलं. एकही वाक्य न गाळता सांगितलं.

आचल बराच वेळ कुर्त्याची घडी घालत राहिली. मग म्हणाली, "असू द्या. तुमी तर चांगल्यासाठीच बोल्ल्या." आणि गेली.

ती चिडली असती तर बरं झालं असतं. खुर्शीदबीला त्या दिवशी जेवण गेलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. कुर्बान म्हणाला, "तूने तो लडकी की गूंगी गाय बना डाली. अब भुगत." मग तिचा चेहरा पाहून तोच म्हणाला, "फोन लगा उसको."

"फोन पे मुंह नहीं दिखता," ती म्हणाली. "मुंह देखे बिना मेरे से बोला नहीं जाता."

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने कार्ड पर्समध्ये टाकलं आणि अकोल्याची बस पकडली. मूर्तिजापूर गेलं, बोरगाव गेलं, आणि मनात एकच: आपल्या तोंडाने पोरीचं दार लागलं, ते आपल्याच तोंडाने उघडलं पाहिजे. आणि नाही उघडलं तर त्या निळ्या फाटकासमोरून आपण रोज कसं जायचं?

ऑफिस गांधी रोडवर, मोबाइलच्या दुकानाच्या वर. कार्डावर नाव होतं, धर्मेंद्र वानखडे. तो डबा उघडून बसला होता.

"काकू? तुमी इथं कशा?"

"भाऊ, मी त्या दिवशी तुमाले जे सांगतलं ते समदं खोडून टाका."

"काहून?"

"मले वाटलं तुमी स्थळ घेऊन आले."

धर्मेंद्रने डब्याचं झाकण लावलं. "माह्यं तोंड नवरदेवाच्या मामासारखं हाय, असं माही बायको म्हनतेच. म्हंजे ते खोटं होतं?"

"खोटं नाई जी. स्थळासाठी होतं."

तो हसला, पण हळू. "बसा. मी ते अजून पाठवलंच नाई. त्या दिवशी तुमच्या गल्लीत जितक्या घरी गेलो तितक्या घरी हेच ऐकलं. पोट्टी बोलत नाई, चालत नाई, भरतकाम करते. असा कागद बंगलोरले गेला तर ते मलेच इचारतील, चौकशीले गेलता का वरातीत. पुन्हा चक्कर मारनारच होतो मी."

खुर्शीदबीच्या छातीवरचा दगड अर्धा हलला. पुरता नाही.

"मंग आता खरं सांगा," तो म्हणाला आणि त्याने पेन उघडलं.

आणि आता मात्र तिची जीभ अडली. परक्या पुरुषासमोर गल्लीतल्या मुलीबद्दल असं बोलायचं? जन्मभर जे झाकलं, ते उघडं करायचं? चुगली केल्यासारखं वाटत होतं. तिने पाणी मागितलं. प्यायली. पदर सावरला.

"एकटी जाते. दर रविवारी दर्यापूरले जाते, काळीपिवळीत बसून. वावरात ते ड्रोन औषध फवारते न, ते पाहाले. ज्याचं ड्रोन त्याले इचारते, का हे कोनाच्या नावावर हाय, दुसऱ्याच्या घरावर गेलं तर जबाबदार कोन. एकानं हाकलून देलं. दुसऱ्या रविवारी पुन्हा त्याच्याच वावरात."

"भांडते?"

"भांडत नाई. इचारते. पन इतकं इचारते का समोरच्याले भांडल्यावानीच वाटते. मच्छराच्या धुराची गाडी आली तं गाडीपुढं उभी राहून म्हने, डबा दाखवा, यात काय हाय. पुरी गल्ली खोकत राहिली, पन डबा पाहूनच हटली."

धर्मेंद्र लिहीत होता. "कोनाच्या सांगन्यावरून काही वाईट काम करेल?"

"मायच्या सांगन्यावरून चांगलंही करत नाई."

"आनि तुमी हे स्वतः पाह्यलं?"

"इंटरव्ह्यू माह्याच घरी देला तिनं. पडद्यामागं होती मी. इंग्रजी समजलं नाई, पन तिकडची बाई मोठ्यानं बोल्ली का हे पोट्टी दबत नव्हती. शांतपनं आपलंच सांगे. मंग ती बाईच हसली."

"सैपाक येते?"

"हे तुमच्या कागदात हाय?"

"नाई, सहज."

"मंग नका इचारू."

त्याने सगळं वाचून दाखवलं आणि तिची सही घेतली. "एक-दोन शेजाऱ्याईले फोन करतो, खरं बोला म्हनतो, आन् आजच पाठवतो. माह्याकडून काही अडचन नाई." तिला जिन्यापर्यंत सोडायला येताना तो म्हणाला, "माह्या बहिनीच्या लग्नाच्या येळी तुमच्यासारखी शेजारीन पायजे होती, काकू."

"पयल्या साक्षीले का दुसऱ्या?"

त्याने जरा विचार केला. "आता वाटते, दुसऱ्या."

परतीच्या बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली. मूर्तिजापूर यायच्या आत तिचा डोळा लागला, तो असा की बडनेरा कधी गेलं, राजापेठचा थांबा कधी गेला, तिला कळलंच नाही. कंडक्टरने अमरावतीच्या आगारात हलवून उठवलं, "मावशी, घर बांधता का बसमंदी?"

खाली आचल स्कूटीला टेकून उभी होती. कुर्बानने सगळं सांगितलं होतं, ती बसमध्ये झोपून आगारापर्यंत येणार हेही.

"मले सांगून जाता येत नव्हतं?"

"तुले सांगतलं असतं तं तू प्रश्न इचारत बसली असती. बस गेली असती."

आचलने मोबाइल तिच्यापुढे धरला आणि तिला इंग्रजी येत नाही हे आठवून स्वतःच सांगितलं. संस्थेचा मेल आला होता. चौकशी पूर्ण, एक तारखेपासून रुजू व्हा, सुरुवात दर्यापूर तालुक्यातून.

खुर्शीदबी जवळच्या बाकावर बसली, चपला काढल्या, पाय लांब केले. आगारात गाड्या मागेपुढे होत होत्या, कोणीतरी परतवाड्याची हाक देत होतं. बऱ्याच वेळाने तिच्या लक्षात आलं की आपल्याला भूक लागली आहे, चांगली सडकून.

"गिलावडा खाशील?" तिने विचारलं. "दही जास्तीचं घेऊ."