सिस्तरबाईंची लढाई

मिलिंदचा फोन आला तेव्हा मी चौथीच्या वर्गावर होते. माझा धाकटा भाऊ शाळेच्या वेळात कधी फोन करत नाही, म्हणून लगेच उचलला. "ताई, सिस्तरबाई गेल्या," एवढंच म्हणाला आणि रडायला लागला. बापाच्या मयतीला न रडलेला माणूस. मी वर्गाबाहेर येऊन भिंतीला टेकले. तीन आठवडे होत आले त्याला. त्यांच्याबद्दल लिहायचं तर आधी आमच्या घरातली एक लाजिरवाणी गोष्ट सांगावी लागते, म्हणून इतके दिवस लिहिणं टाळत होते...

त्यांचं नाव एस्तेर. उपकेंद्रात नर्स होत्या, त्यामुळे 'एस्तेर' आणि 'सिस्टर' या दोन्हींचं मिळून आमच्या पालम गावात 'सिस्तरबाई' झालं. माहेर जालन्याकडचं, नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. निवृत्त झाल्यावर आमच्या घराला लागूनच राहायला आल्या. रोज सकाळी गल्लीतून चालत प्रार्थना करायच्या, तीही मोठ्यानं, एकेका घराचं नाव घेऊन. शेजारच्या दारुड्याच्या दारासमोर तर थांबून सैतानाला सरळ दम द्यायच्या. मला त्याचा संताप यायचा. मी बौद्ध घरातली, बावीस प्रतिज्ञा पाठ असलेली शिक्षिका. त्यांना म्हणायचे, "सिस्तरबाई, सैतान-बैतान काही नसतं. अज्ञान असतं." त्या शांतपणे म्हणायच्या, "नाव तुमी काहीबी द्या मॅडम, पण हाकलायला तर चला." आणि खरंच, त्या दारुड्याला चार वेळा दवाखान्यात नेऊन बसवणाऱ्या त्याच होत्या. त्यांची लढाई अशी तोंडानं सुरू व्हायची आणि पायांनी पुढं जायची.

मिलिंदच्या बायकोचं, रेखाचं बाळंतपण झालं आणि तीन आठवड्यांत ती बदलली. झोप नाही. बाळाला जवळ घेईना. भिंतीकडं बघून कोणाशी तरी बोलायची, "मी न्हाई करणार, मी न्हाई करणार" म्हणायची. आई घाबरली. मी दवाखान्याचं बोलत होते, पण दोन दिवस माझं शाळेचं प्रशिक्षण होतं, परभणीला मुक्काम होता. परत आले तर घरात फक्त आई आणि रडणारं बाळ. "रेखा कुठंय?" विचारलं तर आई पदराशी चाळा करत राहिली. शेवटी म्हणाली, "मिलिंदनं नेलंय... त्या शेडवाल्या बाबाकडं. लोक म्हणले बाहेरचं हाय." ज्या घरात देवाचा फोटोसुद्धा नाही, त्या घरातून सून बाबाकडं गेली होती.  त्यांच्या ओट्यावरून सिस्तरबाईंनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी चप्पल घातली. "चला मॅडम. रिक्षा बोलवा."

रिक्षात त्या डोळे मिटून पुटपुटत होत्या. मी कायद्याची कलमं आठवत होते आणि एकही धड आठवत नव्हतं. भर दुपारी शेतातल्या त्या पत्र्याच्या शेडपाशी उतरलो. आत मिरचीची धुरी, डोळे उघडवेनात. रेखा मधल्या खांबाला बांधलेली होती. दूध भरून तिचं पोलकं भिजलं होतं. बाबा लिंबाच्या डहाळ्यानं तिच्या खांद्यावर मारत ओरडत होता, "बोल, कोण हायस तू? कुठून आलास?" बाजूला तिघंचौघं काठ्या घेऊन उभे होते. आणि मिलिंद कोपऱ्यात, खाली मान घालून.

"थांबवा हे!" मी ओरडले, पण आवाज धुरातच अडकला. सिस्तरबाई मात्र सरळ पुढं गेल्या. बाबा म्हणाला, "बाई, मागं सरका. ते तुमच्या अंगावर यील."

"येऊ द्या. माझ्यावर प्रभूचा हात हाय."

एक काठीवाला त्यांच्या वाटेत आला. पासष्टीची, त्याच्या खांद्याएवढी बाई त्याच्यासमोर थांबली, हात वर केला आणि अख्ख्या शेडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "येशूच्या नावानं सांगते, हिला सोड!" ही आज्ञा नेमकी कोणाला होती, रेखाच्या अंगातल्याला की त्या बाबाला, ते मला तेव्हाही कळलं नाही. पण काठीवाल्यानं काठी खाली घेतली. सिस्तरबाई रेखापाशी जाऊन बसल्या. आवाज एकदम खाली आणून म्हणाल्या, "रेखा, पोरी, पाणी पितीस का?" रेखानं त्यांच्याकडं बघितलं. मग मान डोलावली.

"बाटवायला आली का ही?" मागून कोणीतरी म्हणालं.

"सोडवायला आले," त्या मागं न बघता म्हणाल्या आणि गाठ सोडायला लागल्या. गाठ पक्की होती. कोणी मदतीला आलं नाही, कोणी अडवलंही नाही. ते दोन-तीन मिनिटं माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब.

तिथून तसंच परभणीला नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, काही बायकांना बाळंतपणानंतर असा आजार होतो, औषधानं बरा होतो. दवाखान्याच्या बाकावर आम्ही दोघी बसलो. "तुम्हाला भीती वाटली?" मी विचारलं. "लय भ्याले," त्या म्हणाल्या. "न भ्यायला काय झालं? काठी खरीच होती की."

पण खरा त्रास पुढं होता. त्यांच्या घरी रविवारी दहाबारा माणसं प्रार्थनेला जमत. रेखा थोडी सावरल्यावर स्वतःहून एका रविवारी तिथं जाऊन बसली, मीही सोबत गेले. त्या दिवशी बाहेरगावाहून एक प्रचारक आले होते. सगळं ऐकून ते म्हणाले, प्रभूनं बरं केलंय तर गोळ्या कशाला? गोळी म्हणजे अविश्वास. आजच फेकून द्या. रेखानं गोंधळून पिशवीत हात घातला. सिस्तरबाई उठून उभ्या राहिल्या. "ब्रदर, त्या शेडात आमी याच आवाजाशी लढून आलो. तिथं तो डहाळं घेऊन होता, हितं शास्त्र घेऊन आलाय. गोळी बंद होणार न्हाई."  प्रचारक निघून गेले, आणि पुढच्या रविवारी निम्मी माणसं आली नाहीत. ज्यांच्यासोबत वर्षानुवर्षं गुडघे टेकले ती माणसं. त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं.

आणि मग त्या बाबाची माणसं. नर्सबाई आजारी बायकांना बाटवते, अशी आवई पसरली होतीच. एका सकाळी दहाबारा मोटारसायकली आमच्या गल्लीत शिरल्या. सिस्तरबाई दारात उभ्या राहिल्या, मी त्यांच्या शेजारी. "सामान भरा अन् निघा," पुढचा माणूस म्हणाला. कोणीतरी अंगणातली कुंडी लाथेनं फोडली. सिस्तरबाईंचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. तेवढ्यात मिलिंद आमच्या घरातून बाहेर आला. पुढच्यानं त्यालाच धरलं, "सांग रे, तुझ्या बायकोला बाटवलं का न्हाई हिनं?"

 मला वाटलं, मिलिंद आता मान खाली घालणार, शेडात घातली होती तशीच. गल्लीतली सगळी दारं अर्धी उघडी होती.

"दोरी मी बांधली होती," तो म्हणाला. "माझ्या बायकोला. या हातानं. सोडली सिस्तरबाईनं. कोणाला काय करायचंय ते मला करा." आणि तो जाऊन त्यांच्या पायरीवर बसला. मग शेजारचा तो दारुडा आला, तोही बसला. मग माझी आई, बाळाला घेऊन. शिवीगाळ बरीच झाली, पण मोटारसायकली वळल्या. सिस्तरबाई आत गेल्या आणि चुलीपुढं मटकन खाली बसल्या.

त्यानंतर सहा वर्षं त्या आमच्या शेजारी राहिल्या. रेखा पूर्ण बरी झाली. आमच्यातलं कोणी ख्रिस्ती झालं नाही, आणि त्यांनीही कधी विचारलं नाही. माझं मत अजून तेच आहे. त्यांचंही शेवटपर्यंत तेच होतं. शेवटचे चार महिने पोटाच्या दुखण्यानं झिजल्या. मातीला खांदा द्यायला त्यांच्या रविवारच्या प्रार्थनेतले चौघं आणि मिलिंद होते.

परवा त्यांच्या भाच्याच्या सांगण्यावरून मी आणि रेखा त्यांची खोली आवरायला गेलो. भांडी बांधत होतो, तेवढ्यात दारात एक बाई उभी राहिली. जवळच्याच खेड्यातली. "सिस्तरबाई हायत का? माझी लेक चार दिवस झाले बोलंना. घरचे उद्या कुठंतरी न्यायलेत..."

"त्या गेल्या," मी म्हणाले. बाई वळून चालायला लागली.

"थांबा मावशी," रेखा म्हणाली. हातातलं पातेलं तिनं खाली ठेवलं. "मी येते."

मी तिचा दंड धरला. "रेखा, तुला काय येतं त्यातलं?"

त्या दिवसाबद्दल ती सहा वर्षांत एक शब्द बोलली नव्हती. "ताई, त्या शेडात सगळे माझ्या अंगातल्याशी बोलायले होते," ती म्हणाली. "त्या एकट्या माझ्याशी बोलल्या. तेवढं येतं मला."

दोघी एसटी पकडायला गल्लीतून निघाल्यासुद्धा. मी खोलीला कुलूप लावलं आणि त्यांच्या मागं धावले.