चॉकलेटचा तिसरा तुकडा

"तुम्हाला वेड लागलेलं नाही. तुमच्या पोटात काहीतरी गेलंय."

कुडाळच्या रुग्णालयातल्या डॉक्टरबाई माझ्या डोळ्यांवर बॅटरी मारत हे म्हणाल्या. मला ते अजिबात खरं वाटलं नाही. समोरच्या भिंतीच्या टाइल्स श्वास घेत होत्या आणि आमची चार वर्षांची चिऊ मेली आहे अशी माझी पक्की खात्री होती. चिऊ तेव्हा माझ्या नवऱ्याच्या कडेवर बसून मला बघून रडत होती.

पलीकडच्या खाटेवर माझ्या सासूबाई, आमची आये, हसत होती. माझ्या पोटात गेलं होतं तेच तिच्याही पोटात गेलं होतं.

मालवणजवळ किनाऱ्यालगत आमचं घर आहे. मागच्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. त्यांचं सामान आमच्याच फ्रीजमध्ये असतं. लोक जाताना जॅमची अर्धी बाटली, चीज, बिस्किटं मागे टाकून जातात. घरात असलं काही कुणी फेकत नाही. त्या सकाळी पुण्याचं एक टोळकं गेलं आणि चांदीच्या कागदात चॉकलेटचे तीन तुकडे राहिले. दुपारच्या चहाबरोबर एक मी खाल्ला, एक आयेला दिला. तिसरा तिथेच ओट्यावर होता.

तासाभरात माझं पोट ढवळलं. मग समुद्राचा आवाज थेट स्वयंपाकघरात आला. माडाच्या झावळ्या माझं नाव घेत होत्या. हे लिहिताना आता हसू येतं, पण त्या वेळी मी ओट्याखाली शिरून बसले होते आणि नवऱ्याला ओळखत नव्हते.

"गो, काय होता तुका? माझ्याकडे बघ," प्रकाश म्हणत होता.

आये मात्र ओटीवर बसून गालातल्या गालात हसत होती. "तुझो बापूस इलो हा रे. तेका आधी चाय दी," तिने प्रकाशला सांगितलं. माझे सासरे जाऊन सात वर्षं झाली. हे ऐकून शेजारची मंगलवैनी हळदीकुंकवाचं ताट घेऊन धावत आली. आयेच्या अंगात देव आला म्हणे. तिने पाया पडून मुलाचं लग्न कधी जमेल ते विचारलं. मी ओट्याखाली किंचाळत होते. माझ्या अंगात काय आलं, हे कुणी विचारलं नाही.

प्रकाशने आम्हा दोघींना आणि चिऊला गाडीत घातलं आणि कुडाळला निघाला. वाटेत एका दवाखान्यात थांबलो. तिथल्या डॉक्टरांनी माझ्याकडे धड पाहिलंही नाही. "घरात काही वाद? मिस्टरांशी? बायकांचं होतं असं. झोपेची गोळी देतो." अजून ते वाक्य आठवलं की डोक्यात तिडीक जाते. दोन बाया एकाच वेळी एकाच घरात बिघडतात आणि हा माणूस वाद शोधतो.

कुडाळच्या डॉक्टरबाईंनी एकच प्रश्न विचारला. "या दोघींनी असं काय खाल्लं, जे तुम्ही खाल्लं नाही?" प्रकाशला चॉकलेटचे ते तीन तुकडे आठवले. त्याने पाहुण्यांच्या नंबरवर फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"अहो, ते मशरूमचं चॉकलेट," पलीकडचा मुलगा म्हणाला. "एकदम नॅचरल असतं. सुंदर अनुभव येतो. घाबरू नका, उतरेल."

डॉक्टरबाईंनी फोन हातात घेतला. "एका तुकड्यात किती होतं? घरात लहान मूल आहे."

"आम्हाला पोलिसांची भानगड नको," असं म्हणून त्याने फोन ठेवला. पुन्हा लावला तर बंद.

मग डॉक्टरबाईंनी प्रकाशला जे समजावलं, ते मी नंतर त्याच्याकडून ऐकलं. या मशरूममध्ये सायलोसायबिन असतं. ते सायकेडेलिक, म्हणजे मेंदूला दिसण्या-ऐकण्याची आणि वेळेची जी जाण असते तीच उलटीपालटी करणारं द्रव्य. कुणाला रंग दिसतात, कुणाला देव भेटल्यासारखं वाटतं, कुणी नुसतंच हसतं, कुणी ओकतं, कुणाला मरणाची भीती वाटते. कुणाला काय होईल ते आधी सांगता येत नाही. रक्तदाब वाढतो, नाडी पळते, बाहुल्या मोठ्या होतात. नेहमीच्या लघवीच्या तपासणीत ते सापडतही नाही. त्याला उतारा नाही. शांत खोली, धीर देणारं माणूस, गरज पडली तर भीती कमी करणारं इंजेक्शन, इतकंच.

"आणि तिसरा तुकडा कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

ते कुणालाच ठाऊक नव्हतं. प्रकाशने फोन केल्यावर तिकडे मंगलवैनीने आमचा ओटा, फ्रीज, कचऱ्याचा डबा सगळं धुंडाळलं. नव्हता. डॉक्टरांनी मला विचारलं, चिऊला दिला का? मी हो म्हणाले. मग नाही म्हणाले. तिच्या तोंडात तो घालणारा माझा हात मला स्पष्ट दिसत होता, आणि त्याच वेळी भिंत वितळतानाही दिसत होती. यातलं खरं कोणतं ते मला निवडता येईना. आईला असा प्रश्न पडावा, यापरता नरक मला माहीत नाही.

चिऊला खाटेवर घेतलं. डॉक्टरबाई तिच्या बाहुल्या, नाडी, ताप पुन्हा पुन्हा पाहत राहिल्या. ती घाबरून रडत होती की त्या चॉकलेटने, हे ठरवता येत नव्हतं. त्या हरामखोराने एक आकडा सांगितला असता तर डॉक्टरांना निदान अंदाज आला असता. त्याने काखा वर केल्या.

रात्री माझी भिंत जरा जागेवर आली. आयेचं हसूही ओसरलं. प्रकाशने तिच्यासमोर बसून, रडवेला होऊन विचारलं, "आये, तो तिसरो तुकडो खंय गेलो गो?"

आयेने त्याच्याकडे खुळ्याकडे बघावं तसं पाहिलं. "देवाक नको दाखवूक? थंयच ठेवलंय."

घरात काहीही गोडधोड आलं की आये आधी देव्हाऱ्यात ठेवते. आयुष्यभर ठेवत आली. मुंग्या होतात म्हणून मी तिच्यावर रोज चिडायचे. मंगलवैनीने फोन चालू ठेवूनच देव्हारा पाहिला. तांब्याच्या ताटलीत, तुळशीच्या पानाखाली तुकडा होता. अख्खा. त्यावर मुंग्यांची रांग.

प्रकाश खाली फरशीवर बसला. मीही रडले, आणि पहिल्यांदा चिऊ जिवंत आहे हे मला कळलं.

आये आता ठणठणीत आहे. सासरे येऊन चहा पिऊन गेले, असं ती आजही समाधानाने सांगते. मी काही महिने घरात एकटी राहू शकले नाही. दमले की फरशी अजून जराशी हलते. मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे जाते, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे हेही जाईल. वाडीत मात्र आयेच्या अंगात देव आला आणि माझ्या डोक्यावर परिणाम झाला, असंच बोलतात.

अशी वेळ कुणावर आलीच, तर डॉक्टरांना काय खाल्लं ते खरं सांगा. अब्रू, पोलीस, शेजारी सगळं नंतर. उरलेला तुकडा, कागद बरोबर न्या. आणि घाबरलेल्या माणसाला ओरडू नका, त्याच्याजवळ बसा. कुडाळच्या त्या बाई तशा बसल्या. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

त्या टोळक्याने आमच्या घराला इंटरनेटवर पाच तारे दिलेत. घरगुती जेवण, प्रेमळ माणसं, असं लिहिलंय. आये म्हणते, सोडून दी आता.

मी सोडणार नाही. आमच्या चिऊला चॉकलेट फार आवडतं, आणि फ्रीजचं दार तिला उघडता येतं.