देऊळघाटची हवा आणि माझी धुरी

मी मलकापूर स्टेशनावर घ्यायला गेले, तेव्हा गाडीतून उतरलं ते असं: लोखंडी ट्रंक एक, वळकटी एक, लवंगांची पुरचुंडी, कॉफीचा डबा आणि माझी भावजय सुशीला. हमाली तीन आणे, तीही घासाघीस करून. माझा धाकटा भाऊ पूर्व आफ्रिकेत नाकुरू नावाच्या शेतकी गावी दुकानात कारकून आहे. तिथं पौष-माघात पाऊस नसतो. वारा तळ्याकाठची पांढरी धूळ उडवतो आणि पेरणीआधी मोठाले शेतमळे पेटवून देतात. त्या दिवसांत सुशीलेचा दमा उसळतो. "ताई, दोन महिने हिला चांगली हवा दे," एवढंच भावानं लिहिलं होतं.

आमच्या मेहकरात त्या दिवसांत कापसाचं भूस उडतं. म्हणून यजमानांनी बुलढाण्याजवळ, पठारावरच्या देऊळघाटला दोन खोल्या पाहिल्या. कासमभाई म्हणून गुळाचे व्यापारी आहेत, त्यांच्याच घराची पुढची बाजू. भाडं महिना तीन रुपये. बुलढाण्यात याच्या दुप्पट पडलं असतं. घर मुसलमानाचं म्हणून मी दोन दिवस आढेवेढे घेतले. मग भाडं पाहून हो म्हटलं.

मलकापूरहून बुलढाण्याची सर्व्हिस मोटर सकाळी निघते, माणशी बारा आणे, सामानाचे वेगळे. जाणाऱ्यांनी पुढची जागा धरावी, मागं फुफाटा फार. गावाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग होती, सुशीलेनं पदर नाकाशी धरला तो मोताळ्यापर्यंत. राजूरच्या घाटात मोटर थांबली, इंजिनातून वाफ यायला लागली.

"घाबरू नका हो माय," ड्रायव्हर म्हणाला, "म्हातारीले दम लागला. पानी पेते अन् चालते."

"मग आम्ही दोघी बहिणीच की!" सुशीला म्हणाली. सगळी मोटर हसली.

घाट चढून वर आलो आणि हवा एकदम हलकी झाली. करडी फुलात होती, हरभऱ्याला घाटे धरले होते. सुशीलेनं पदर सोडला, छाती भरून श्वास घेतला. "वन्सं, या हवेला वासच नाही!" मला असा अभिमान वाटला, जणू ती हवा मीच धुऊन वाळत घातली होती. बुलढाण्यात बरोबरची भाकरी-पिठलं खाल्लं आणि सहा आण्यांत छकडा करून दिवस मावळायच्या आत देऊळघाटला पोचलो.

कासमभाईंच्या बायकोनं, अमीनाबींनी, खोल्या शेणानं सारवून ठेवल्या होत्या. दारात पाण्याचा नवा माठ होता. मी तो बाजूला ठेवला आणि आमची घागर काढली.

मी घरून गुग्गूळ, ऊद आणि गोवऱ्या नेल्या होत्या. मेहकरला माझा धुरीचा नेम एकदाच, दिवेलागणीला, तोही दार उघडं ठेवून. इथं मी सकाळ-संध्याकाळ धुरी देऊ लागले, कोपरान्‌कोपरा, आणि दारं-खिडक्या लावून ती घटकाभर मुरू द्यायची. सुशीलेला सांगितलं, यानं हवा शुद्ध होते. स्वतःलाही तेच सांगितलं. ती पदरात तोंड घालून बसायची. मी विचारलं की म्हणायची, "बरी आहे, वन्सं." दिवसा अंगणात ती ठीक असे, म्हणून मला वाटलं, धुरीचाच गुण येतोय.

आठव्या दिवशी सकाळी मी स्तोत्र म्हणत होते. मागं घरघर ऐकू आली. वळून पाहिलं तर सुशीला भिंतीला टेकलेली, ओठ निळे. मी देवाचं नाव घेत आणखी चिमूटभर गुग्गूळ टाकला. हो, टाकला.

दार बाहेरून धाडकन उघडलं. अमीनाबींनी धुपाटणं पायानं अंगणात लोटलं आणि सुशीलेला काखेत धरून आपल्या ओसरीवर, उन्हात, बाजेवर बसवलं. तिची पाठ चोळली, आल्याचं गरम पाणी घोटघोट पाजलं. श्वास ताळ्यावर यायला बराच वेळ गेला. मी उंबऱ्यात उभीच.

"आफ्रिकेत काय धूर कमी होता, बाई?" त्या मला म्हणाल्या. "तो टाळाले पोरगी दर्या पार करून आली, अन् तुम्ही घरातच पेटवून राह्यल्या?"

"हवा शुद्ध व्हावी म्हणून..." मी म्हटलं.

"हाव?" त्यांनी सुशीलेच्या पाठीवरचा हात काढला नाही. "धुरी हवेची नाही, आमच्या विटाळाची हाये, ते मले पहिल्याच दिवशी समजलं. म्हटलं, देऊ द्या. भाडं देते, मनाची शांती होते त होऊ द्या. पन पोरीले काऊन मारता?"

सुशीला माझ्याकडे पाहत होती. तिलाही ठाऊक होतं. आठ दिवस माझा मान राखायला ती तो धूर गिळत होती.

त्यांनी माझ्यापुढंही पितळी भांड्यात आल्याचं पाणी ठेवलं. मी मॅट्रिक शिकलेली, रोज पोथी वाचणारी. त्या दिवशीही मी ते घेतलं नाही. घेतलं नाही हे खरं.

पुढं मी धुरी बंद केली. सुशीला दिवसभर त्यांच्या ओसरीवर बसे, चार-पाच दिवसांत तिला चढावर चालता येऊ लागलं. "तिथं धूर आभाळातून येतो, त्याला दार लावता येत नाही," एकदा ती अमीनाबींना सांगत होती. माझं नाव काही तिनं घेतलं नाही. पण दोन महिन्यांची आलेली ती महिन्यातच परत निघाली. "ह्यांचे जेवणाचे हाल होतात," म्हणाली. तिथली धूळ अजून बसलेली नाही, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही. थांब म्हणायला मला तोंड उरलं नव्हतं.

हवापालटासाठी पठारावर जाणाऱ्यांनी जरूर जावं. पौष-माघ उत्तम, पांघरूण जाड न्यावं. निघायच्या दिवशी मी अमीनाबींच्या हातचं पाणी मागून प्याले. त्यांनी दिलं. त्यानं झालेलं पुसलं जात नाही.

आता चैत्र लागला. सुशीलेचं एक कार्ड आलं, त्यात "मी बरी आहे" इतकंच. निळ्या ओठांनीही ती हेच म्हणत होती, म्हणून त्या कार्डाचा मला भरवसा वाटत नाही. वाचकांपैकी कोणाचं माणूस नाकुरूला असेल तर एवढं विचारावं: तिथं पाऊस सुरू झाला का, शेतं जाळणं थांबलं का, आणि मराठी कारकुनाची ती बारीक चणीची बायको रस्त्यात न थांबता चालते का. माझं मन राखायला काही लिहू नये. जे दिसेल ते, परतीच्या टपालानं कळवावं.